पिकवणे, पिकणे आणि रान होऊ देणे : शेतीविषयक दोन अनुबोधपटांचा भाषिक विचार

शेती हा अनुबोधपटाचा जुना विषय आहे. १९३६ साली अमेरिकन शासनाच्या पुनर्वसन खात्यासाठी पेअर लॉरेन्ट्झ यांनी ‘द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स’ हा पट तयार केला, तेव्हा त्याच्या नावातच एक संपूर्ण विधान सामावलेले होते. नांगर हा कर्ता, मैदाने हे कर्म, मोडणे ही क्रिया. धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मैदानी प्रदेशाची कहाणी सांगताना लॉरेन्ट्झ यांनी दोष आभाळाकडे न ढकलता मनुष्याच्या अवजाराकडे दिला. पुढे दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, कान येथे भरलेल्या पहिल्या महोत्सवात जॉर्ज रूकिए यांच्या ‘फारबिक’ला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों भागातील एका शेतकरी कुटुंबाचे वर्षभराचे जीवन हा त्याचा विषय. कुटुंबातील माणसेच पडद्यावर वावरतात. भाकर भाजली जाते, जमीन नांगरली जाते, घराची डागडुजी कधी करावयाची आणि वीज घ्यावयाची की नाही ह्यावर खल होतो, आणि शेत कोणाकडे जावयाचे हा प्रश्न घरातल्या घरात बोलला जातो. महोत्सवाच्या नागर प्रेक्षकांपुढे शेती प्रथम आली ती अशी: घाम, मालकी आणि वाटणी ह्यांच्यासह.

ह्या दोन पटांची आठवण येथे करण्याचे कारण असे की, अलीकडे महोत्सवांतून नावाजल्या गेलेल्या शेतीविषयक अनुबोधपटांत शेतीचे जे रूप दिसते ते याहून फार निराळे आहे. त्यांत नांगर दोषी ठरतोच. परंतु त्याच्या जागी दुसरा कर्ता कोण हे स्पष्ट होत नाही. किंबहुना कर्त्याची जागा रिकामी ठेवणे हीच ह्या पटांची मुख्य लकब आहे, असे म्हणावे लागते. हे विधान दोन उदाहरणांवरून तपासता येण्यासारखे आहे. जॉन चेस्टर यांचा ‘द बिगेस्ट लिट्‌ल फार्म’ (२०१८) हे एक, आणि डेव्हिड ॲलन यांचा ‘वाइल्डिंग’ (२०२३) हे दुसरे.

पहिल्या पटाचे महोत्सवी चरित्र पुरेसे बोलके आहे. २०१८ च्या टेल्युराइड महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. त्याच वर्षी टोरोंटो येथे अनुबोधपटांच्या गटात प्रेक्षकांच्या पसंतीच्या पारितोषिकासाठी तो तिसरा आला. पुढे २०१९ मध्ये तो सनडान्सला गेला आणि नंतर चित्रगृहांत लागला. टोरोंटोचे हे पारितोषिक परीक्षकमंडळ देत नाही, प्रेक्षक देतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वर्षीचा पहिला मान ‘फ्री सोलो’ला मिळाला. दोर न बांधता उभा कडा चढून जाणाऱ्या एकट्या गिर्यारोहकाचा तो पट. एकट्या माणसाने निसर्गाशी केलेला सामना आणि एका जोडप्याने निसर्गाशी केलेला समेट ह्या दोन्ही कथा एकाच प्रेक्षागृहाला एकाच आठवड्यात भावल्या, यात विसंगती मानण्याचे कारण नाही. दोन्हींत समाज जवळजवळ अनुपस्थित आहे.

कथा थोडक्यात अशी. लॉस एंजेलिसच्या परिसरात एका सदनिकेत राहणारे जॉन आणि मॉली चेस्टर हे दांपत्य टॉड नावाचा एक कुत्रा पाळते. कुत्र्याच्या भुंकण्यावरून घर सोडण्याची पाळी येते, आणि ते दोघे मूरपार्क येथे सुमारे २०० एकरांचे एक निःसत्त्व शेत घेतात. ॲलन यॉर्क हे जैवगतिक शेतीचे सल्लागार त्यांना मिळतात. जमिनीत आच्छादनपिके लावली जातात, गांडूळखताची व्यवस्था उभी राहते, फळझाडांच्या अनेक जाती एकत्र लावल्या जातात, डुकरे, मेंढ्या, कोंबड्या, बदके येतात. सल्लागार मध्येच कर्करोगाने निवर्ततात. त्यानंतर संकटांची मालिका सुरू होते. झाडांवर गोगलगायी चढतात. बिळे करून मुळे कुरतडणारे गोफर बागेत सुटतात. पक्षी फळे टोचतात. कायोटी हा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी रात्री कोंबड्यांचा फडशा पाडतो. यांपैकी बहुतेक संकटांवर उपाय म्हणून एकेक प्राणीच पुढे येतो. बदके गोगलगायी खातात, घुबडे गोफर खातात.

आठ वर्षांच्या चिकाटीने टिपलेली ही दृश्ये मोहक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाण्याचा ताण, मग मुसळधार पाऊस, आच्छादनपिकांनी झाकलेल्या मातीने ते पाणी पोटात घेणे, हा भाग तर शेतीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला दाखवावा असा आहे. परंतु निवेदनातील क्रियापदांकडे लक्ष दिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वार्धात ‘आम्ही’ हा कर्ता ठळक आहे: आम्ही घेतले, आम्ही उपटले, आम्ही लावले. उत्तरार्धात तो हळूहळू मागे सरतो आणि कर्तेपणाच्या जागी बदके, घुबडे, माती, व्यवस्था अशी नामे येऊन बसतात. प्रत्येक प्राण्याला एक ‘काम’ मिळते. कामाची भाषा प्राण्यांकडे गेली की काम करणारी माणसे तिच्यावाचून उरतात. २०० एकरांवरील छाटणी, तोडणी, वाहतूक बदकांनी केलेली नाही. शेतावरचे अनुभवी कामगार आणि शिकण्यासाठी आलेली तरुण मंडळी पडद्यावर दिसतात. पण कथेची वाक्ये त्यांच्यावरून फिरत नाहीत. भांडवलाचा उल्लेखही ओझरताच. मेलेली जमीन जिवंत होईपर्यंतची वर्षे कोणाच्या पैशावर निभावली, हा प्रश्न कोणत्याही शेतकऱ्याच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत उभा राहील. पट मात्र त्याला ओलांडून पुढे जातो.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा फरक नेमका मांडता येतो. ‘पिकणे’ हे अकर्मक क्रियापद आणि ‘पिकवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. शेत पिकते, शेतकरी पिकवतो. बोलताना शेतकरीही पहिले रूप वापरतो, ‘औंदा ज्वारी बरी पिकली’ असे म्हणतो. पण त्या वाक्यात विनय असतो, कर्त्याचा लोप नसतो. कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पिकवणारा कोण हे ठाऊक असते. महोत्सवाच्या प्रेक्षागृहात ही सामाईक जाणीव गृहीत धरता येत नाही. तेथे अकर्मक वाक्य हे अकर्मकच ऐकू येते. जो विनय शेताच्या बांधावर शोभतो तोच पडद्यावर भ्रम बनतो.

ह्या पटात एक प्रसंग मात्र असा आहे की तेथे निवेदकाला ही पळवाट उपलब्ध नाही. मेलेल्या कोंबड्यांचे खच पाहून त्रासलेला चेस्टर बंदूक उचलतो आणि एका कायोटीला मारतो. पुढे तोच प्राणी गोफरांची संख्या आटोक्यात ठेवतो हे त्याच्या ध्यानात येते आणि तो आपले धोरण बदलतो. राखणीचे कुत्रे कोंबड्या सांभाळतात आणि कायोटी बागेकडे वळतो. कथेच्या सोयीने पाहिले तर हे धोरणांतर अगदी बेतलेले वाटते. तथापि गोळी झाडण्याचा प्रसंग बेतता येत नाही. तेथे प्रथमपुरुषी एकवचनी कर्ता, सकर्मक क्रिया आणि मेलेले कर्म ही तिन्ही पडद्यावर एकत्र येतात. पटातील सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच, आणि ते शब्दांत नसून दृश्यात आहे.

दुसऱ्या पटाकडे वळण्यापूर्वी त्याच्या विषयाला जे नाव मिळाले आहे त्याचा विचार करणे अवश्य आहे. इंग्रजीत ‘रीवाइल्डिंग’ हा शब्द १९९० च्या सुमारास अमेरिकेतील संरक्षणवादी चळवळीत प्रचारात आला, आणि १९९८ मध्ये मायकेल सूले व रीड नॉस यांनी त्याला शास्त्रीय आशय दिला. त्यांच्या मते त्याची तीन अंगे: संरक्षित गाभाक्षेत्रे, त्यांना जोडणारे मार्ग, आणि मोठे मांसभक्षक प्राणी. मराठीत ह्या शब्दासाठी ‘पुनर्वन्यीकरण’ असा प्रतिशब्द सहज घडतो. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्यात एक निवड दडलेली आहे. संस्कृत वैयाकरणांनी च्वि प्रत्ययाचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा सांगितला आहे, म्हणजे जे तसे नव्हते ते तसे होणे. आणि हा प्रत्यय कृ, भू व अस् ह्या धातूंशी जोडला जातो. तेव्हा ‘वन्यीकरण’ आणि ‘वन्यीभवन’ अशी दोन्ही रूपे शक्य आहेत. एकात करणारा आहे, दुसऱ्यात नाही. शिवाय अभूततद्भाव म्हणजे पूर्वी नसलेली अवस्था. तिच्यामागे ‘पुनर्’ लावले की पूर्वी असलेली अवस्था असा उलट अर्थ येतो. इंग्रजी शब्दातही हीच अडचण आहे. ‘री’ म्हणजे मागे. पण मागे कोठपर्यंत? डच परिसरशास्त्रज्ञ फ्रान्स व्हेरा यांनी युरोपचे मूळ अरण्य हे घनदाट नव्हते, चरणाऱ्या मोठ्या जनावरांमुळे ते झाडी आणि गवताळ मैदाने यांचे मिश्रण होते, असा सिद्धांत मांडला. इतर अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. वाद मिटलेला नाही, आणि ‘री’चा अर्थ त्या वादावर अवलंबून आहे.

व्हेरा यांच्या ह्याच सिद्धांताने इंग्लंडमधील ज्या मालमत्तेला दिशा दिली तिची कथा ‘वाइल्डिंग’ सांगतो. पश्चिम ससेक्समधील क्नेप ही सुमारे ३,५०० एकरांची मालमत्ता बरेल घराण्याकडे अठराव्या शतकापासून आहे. १९८७ मध्ये ती चार्ली बरेल यांच्याकडे आली. तेथील चिकणमाती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. खते, यंत्रे, दुग्धव्यवसाय असे सर्व उपाय करूनही तोटा थांबेना, तेव्हा २००० मध्ये दुभती जनावरे आणि यंत्रे विकण्यात आली. पुढे जुन्या जातीची लांबशिंगी गुरे, एक्समूर तट्टे, टॅमवर्थ डुकरे आणि हरणे जमिनीवर मोकळी सोडण्यात आली. चार्ली यांच्या पत्नी इझाबेला ट्री यांनी २०१८ मध्ये ह्या प्रयोगावर पुस्तक लिहिले. पट त्यावरच आधारलेला असून निवेदनही त्यांचेच आहे. २०२४ मध्ये तो ब्रिटनच्या चित्रगृहांत लागला.

पुस्तकाच्या उपशीर्षकाची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम नोंदवावी अशी आहे. ब्रिटिश आवृत्तीत ते ‘एका ब्रिटिश शेतावर निसर्गाचे परत येणे’ अशा अर्थाचे आहे. २०१९ च्या अमेरिकन आवृत्तीत ते ‘आमच्या शेतावर निसर्गाला परत आणताना’ अशा अर्थाचे झाले. एकाच पुस्तकाच्या दोन मुखपृष्ठांवर येणे आणि आणणे, अकर्मक आणि प्रयोजक, असे वाटून घेतले आहेत. मुख्य शीर्षकातून ‘री’ गाळला आहे, तो ‘परत’च्या रूपाने खाली पुन्हा शिरला आहे, हे वेगळेच.

पटातही ही दुविधा आहे. आरंभीची वर्षे, म्हणजे मालक जोडपे निर्णय घेते तो काळ, नटांकरवी उभा केला आहे. नंतरची वर्षे, म्हणजे पाखरे आणि फुलपाखरे परततात तो काळ, निसर्गपटाच्या संथ, जवळून टिपलेल्या छायाचित्रणात येतो. परिणामी मनुष्याची कृती नाटक ठरते आणि निसर्गाची घटना सत्य ठरते. ही विभागणी हेतुपुरस्सर असेल असे नाही. परंतु प्रेक्षकाच्या मनावर तिचा ठसा असा उमटतो की, माणसांनी जे केले ते फार पूर्वी आणि थोडे, आणि आता जे चालले आहे ते आपोआप.

वस्तुतः क्नेपमध्ये आपोआप चालणारे फार थोडे आहे. मोठे मांसभक्षक प्राणी तेथे नाहीत. सूले आणि नॉस यांच्या तीन अंगांपैकी सर्वांत दरारा असलेले अंगच गळालेले आहे. त्यामुळे गुरे, डुकरे आणि हरणे यांची संख्या मनुष्यच कमी करतो, आणि त्यांचे मांस विकले जाते. मालमत्तेला कुंपण आहे. २००१ मध्ये जुन्या उद्यानाच्या पुनरुज्जीवनासाठी आणि २०१० पासून संपूर्ण प्रकल्पासाठी शासकीय अनुदान मिळाले. यात लपविण्यासारखे काही नाही. ट्री यांच्या पुस्तकात ह्यांपैकी बऱ्याच गोष्टी मोकळेपणाने आलेल्या आहेत. पण पटात फुलपाखरांना मिळालेल्या जागेच्या मानाने कत्तलीला आणि हिशेबाला मिळालेली जागा फार तोकडी आहे. येथे चेस्टरची बंदूक आठवते. तिकडे अनिच्छेने का होईना, मारणारा दिसला होता.

पटाचा सर्वांत सकस भाग शेजाऱ्यांच्या विरोधाचा आहे. जमीन मोकळी सोडल्यावर तेथे काटेरी थिसल आणि रॅगवर्ट यांसारख्या वनस्पती माजल्या, आणि आसपासचे शेतकरी संतापले. ब्रिटनमध्ये १९५९ च्या तणविषयक कायद्याने पाच वनस्पतींना उपद्रवी तण ठरविले आहे. त्यांत थिसलच्या दोन जाती आणि रॅगवर्ट येतात. म्हणजे तण हे तेथे केवळ शेतकऱ्याचे मत नसून कायद्याने दिलेले नाव आहे. २००९ मध्ये पेंटेड लेडी जातीची फुलपाखरे प्रचंड संख्येने आली, त्यांच्या अळ्यांनी थिसल फस्त केली, आणि मालकांनी हस्तक्षेप न करण्याचा घेतलेला निर्णय योग्य ठरला. पट ह्या प्रसंगाला विजयाचा सूर देतो. परंतु शेजाऱ्यांचा राग केवळ अज्ञानातून आलेला होता असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांच्या पिढीने ही जमीन युद्धकाळात आणि नंतर अन्नासाठी साफ केली होती. तण काढणे हा त्यांच्या शब्दकोशात कर्तव्याचा भाग होता. त्यांच्यापैकी कोणाला पुरेसे बोलू दिले असते तर पट अधिक मोठा झाला असता.

‘बोलू देणे’ ह्या क्रियापदाच्या घडणीतच ह्या साऱ्या विषयाची किल्ली आहे. मराठीत ‘-ऊ देणे’ हे संयुक्त क्रियापद अनुज्ञा दाखविते: जाऊ देणे, वाढू देणे, होऊ देणे. क्नेपच्या प्रयोगाचे वर्णन करण्यास ‘रान होऊ देणे’ हा प्रयोग ‘वन्यीकरण’ आणि ‘वन्यीभवन’ ह्या दोहोंपेक्षा अधिक खरा आहे. त्यात क्रिया निसर्गाची, पण परवानगी मनुष्याची, हे एकाच वेळी सांगितले जाते. आणि परवानगी म्हटली की अधिकार आला. जो अडवू शकतो तोच होऊ देऊ शकतो. ३,५०० एकरांचा धनी जमीन सोडून देतो तेव्हा त्या कृतीवर पुस्तक निघते आणि पट निघतो. दोन एकरांचा कूळ वा अल्पभूधारक तेच करतो तेव्हा त्याची जमीन ‘पडीक’ ठरते. ‘पडीक’ हा शब्द ‘पडणे’ पासून आला आहे. त्यात होऊ देणारा कोणी नाही, केवळ पडण्याची अवस्था आहे. उगवणारे गवत दोन्हीकडे एकच. महोत्सवात पट पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा भेद दिसावा अशी सोय पटात कोठेही नाही, आणि ह्या प्रकारच्या पटांविषयीचा मुख्य आक्षेप हाच आहे.

इंग्रजी भाषेत शेत आणि ‘वाइल्ड’ ही परस्परविरोधी पदे आहेत. म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जाणे हे नाट्य वाटते. मराठीची घडण येथे निराळी आहे. ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’ पासून, प्राकृत ‘रण्ण’ द्वारा आलेला. रानडुक्कर, रानभाजी, रानटी ह्या शब्दांत तो मूळ अर्थ आहे. पण देशावरच्या कोणत्याही गावात ‘धनी रानात गेलेत’ म्हटले म्हणजे ते नांगरलेल्या, पेरलेल्या शेतात गेले आहेत असाच अर्थ होतो. रानाला पाणी देतात, रान तयार करतात. गायरान हे गावाच्या सामाईक चराईचे. म्हणजे वन्य, सामाईक आणि कसलेली अशा तिन्ही जमिनींना एकच शब्द पुरतो, आणि संदर्भ भेद करतो. (‘जंगल’ शब्दाचा प्रवास तर याहून विलक्षण आहे: संस्कृत ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश; तो इंग्रजीत जाऊन घनदाट अरण्य झाला.) ह्यावरून मराठी शेतकऱ्याची निसर्गदृष्टी अधिक उदार होती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. शब्दाच्या व्याप्तीवरून स्वभाव ठरत नाही. इतकेच म्हणता येते की, शेताचे रान होणे ही घटना ह्या भाषेत चमत्कार म्हणून सांगता येत नाही. कसे झाले, कोणी केले, हे पुढे सांगावेच लागते.

मराठीत ह्या विषयावर लेखन होऊ लागले आहे, आणि परिभाषा ठरविताना ‘पुनर्वन्यीकरणा’पेक्षा जवळचा एक शब्द विचारात घेण्यासारखा आहे. ‘राखणे’ हा तो शब्द. गवत राखतात, कुरण राखतात. म्हणजे ठरावीक काळ तेथे जनावरे जाऊ देत नाहीत आणि नंतर सोडतात. त्यात राखणारा आहे, कुंपण आहे, वेळ आहे, आणि राखल्याचा काही लाभ कोणाला तरी मिळावयाचा आहे. क्नेपमधील गुरांना, डुकरांना आणि हरणांना हा शब्द नेमका लागू पडतो. सर्वच गोष्टींना मात्र तो लागू नाही. नाइटिंगेल पक्षी तेथे झुडपे वाढल्यावर स्वतः आले. पर्पल एम्परर हे फुलपाखरू सॅलोची झाडे वाढल्यावर आले. पांढरे करकोचे मात्र २०१६ पासून पोलंडमधून आणविलेल्या पक्ष्यांपासून वाढविण्यात आले, आणि २०२० मध्ये त्यांची पिले मोकळ्या घरट्यांत जन्मली. नाइटिंगेल आले, करकोचे आणले, गुरे राखली. ह्या तीन निरनिराळ्या क्रियांसाठी ‘वाइल्डिंग’ एकच शब्द वापरतो, आणि तोही वर्तमानकाळवाचक, कर्ताहीन नाम म्हणून.